वेणीमाधवशास्त्रींचा उजवा पाय

गुरुवारी दुपारी बाबांच्या गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, सातशे वीस न्यूटन जोराला तुटला. हे झालेलं नाही. आपण मंगळवारपासून सुरू करू.

मंगळवारी शुगरमुळे सडलेला बाबांचा उजवा पाय मांडीतून काढला. बाबा, म्हणजे वेणीमाधवशास्त्री, चाळीस वर्षं रामकुंडावर यजमानांना "म्हणा, मम" सांगत आलेत. यजमान अर्थ न विचारता म्हणतात. ऑपरेशनच्या आधी बाबांनीही नऊ कागदांवर तशाच सह्या केल्या. त्यातला एक माझ्या कॉलेजचा होता: पाय संशोधनासाठी देत आहे. तो मधोमध मीच सरकवला होता.

संशोधनही माझंच. गुडघ्याचे अस्थिबंध मशीनवर कमी-जास्त वेगाने ओढायचे आणि कधी तुटतात ते मोजायचं. बोकडाचे एकवीस झाले होते. घरी बोकडाचं नाव नको म्हणून मी त्यांना 'पार्ट' म्हणायचो.

बुधवारी बाबा नीट शुद्धीवर आले.

"पाय कुठाय रे?"

"फ्रीजमध्ये."

"आपल्या?"

"कॉलेजच्या. दवाखान्याचा फुल होता."

"अखंड आहे ना? शुक्रवारी माझा शिष्य ओम घाटावर त्याला अग्नी देईल. मयुरेश, फुटका कलश आणणाऱ्या यजमानाला मी परत पाठवलंय. माझ्या हातून खंडित काही जात नाही."

"अखंड आहे," मी म्हणालो. बुधवारी ते खरं होतं.

गुरुवारी मी गाइड लतिका मॅडमना विचारलं, "हा नमुना सोडला तर?"

"उद्यापासून मशीन सहा महिने दुरुस्तीला. माणसाचा हा एकच आहे. पीएचडी तुझी, ठरव तू."

"कोणत्या वेगाला कमी खंडित होतो?"

मॅडमनी चष्मा काढला. "हळू ओढलास तर हाडाचा टवका घेऊन सुटतो. वेगात मधेच तुटतो. पण वेगात जोर जास्त सोसतो."

बाबांना मार्क चांगले पडावेत म्हणून मी वेग निवडला. बटण मीच दाबलं. अर्धा सेकंदही लागला नाही. आवाज बोकडाइतकाच झाला.

संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारलं, "अखंड आहे ना?" मी मान हलवली. मग म्हणाले, "तू खाली का बघतोयस? जा, दवाखान्याकडून तसं लिहून आण."

म्हणून हा अर्ज.

मा. अधीक्षक महोदय,
माझ्या वडिलांचा उजवा पाय काढल्यापासून आजतागायत अखंड असल्याचा दाखला, पायाची तपासणी न करता, शुक्रवारी सकाळी सातच्या आत मिळावा, ही विनंती.