रविवारपेठेच्या हद्दीचा दगड

मित्रांनो, ओढ्याच्या काठावर हातभर उंचीचा एक काळा दगड उभा दिसतो ना, तो मी. वय विचारू नका. म्हातारा आहे एवढं पुरे. कुणी माझ्यावर टेकून विडी ओढतं, कुणी चपलेचा चिखल माझ्या कडेला खरवडतं. मी मुकाट्यानं सोसतो. पण एकदा एका अख्ख्या पेठेचं भवितव्य माझ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि नेमका त्याच दिवशी मी जागेवर नव्हतो. ती हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

मला बंडप्पा पाथरवटानं घडवलं. तेव्हा आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यावर निजामाचं राज्य होतं. बंडप्पाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सरकारी माणसानं खडूनं काढून दिलेल्या खुणा त्यानं जशाच्या तशा कोरल्या. एका अंगाला केसरगाव कसब्याची खूण, दुसऱ्या अंगाला रविवारपेठेची. मग दोहोंच्या मधे, ओढ्याकाठी मला रोवलं. मी तर हुरळूनच गेलो. आपल्याला मोठी सरकारी नोकरी लागली असं मला वाटलं.

तेव्हा पेठ म्हणजे रविवारच्या बाजारापुरती पंधरा-वीस पालं. पुढं तेलाचे घाणे आले, धान्याच्या आडती आल्या, उमरग्याकडचे कानडी बोलणारे व्यापारी आले. बघता बघता पेठ कसब्याहून मोठी झाली. पण मान मात्र कसब्याचाच राहिला. पेठेतल्या माणसाला परगावी कुणी गाव विचारलं, की तो आधी अडखळायचा आणि मग 'केसरगाव' म्हणायचा. कसब्याचं वागणंही सोयीचं होतं. सरकारी वेठीला माणसं धरून न्यायची असली की पेठ त्यांची, आणि दवापाणी द्यायची वेळ आली की पेठ परकी. मला या गोष्टीचा फार राग यायचा.

मग पटकीची साथ आली. माझ्यापासून पहिलंच घर मल्लम्माचं. तिचा नवरा शांतलिंग सकाळपासून उलट्यांनी हैराण झाला होता. कसब्याचा डॉक्टर पेटी घेऊन माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मल्लम्मा धावत आली आणि माझ्यापाशी हात जोडून उभी राहिली.

"साहेब, चार पावलं या की हो. घर ह्ये काय, इथनं दिसतंय."

"बाई, माझी हद्द हितवरच. पल्याड जायचा मला हुकूम न्हाय."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं पेटी उघडली, दोन पुड्या काढून तिला दिल्या आणि माघारी वळला. संध्याकाळी शांतलिंग गेला. त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली.

पेठेतले आडत व्यापारी गुरुसिद्धप्पा सात वर्षं सरकारकडे अर्ज करत होते. मागणी अशी: रविवारपेठेला वेगळं गाव म्हणून मान्यता द्या आणि आमचा दवाखाना आम्हाला द्या. शांतलिंगाचे दिवस झाले आणि मल्लम्मा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानंतर अर्जावर अंगठे घ्यायला ती घरोघर हिंडली.

अखेर १९४० साली उत्तर आलं. नवी शिरगणती तोंडावर आली होती. तहसीलदार स्वतः येऊन पेठेची हद्द बघणार होते. हद्द जागेवर दिसली तर पेठेचं नाव वेगळं लिहिलं जाणार, दवाखाना मंजूर होणार. नाही दिसली तर सगळं पहिल्यासारखंच, आणि पुढची शिरगणती दहा वर्षांनी. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली की तिसऱ्या दिवशी साहेब येणार होते.

आणि इथंच घोटाळा झाला. त्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला होता. मी उपटून निघालो आणि चिखलात पालथा पडलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रोज दिसणाऱ्या दगडाकडे कोण बघतं!

आमच्या भागात येळवशीला रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात. तिच्यात पाच दगड चुना लावून मांडतात. ते पांडव. त्यांची पूजा करून, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवून मगच घरादारानं जेवायचं. मल्लम्माचे सासरे बसप्पा यांचं शेत ओढ्याला लागून होतं. सगळी काळी जमीन, त्यात दगड मिळणं मुश्कील. चार सापडले, पाचवा मिळेना. म्हाताऱ्याला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. त्यांनी मला चिखलातून काढलं, बैलगाडीत घातलं, चुन्यानं पांढरं केलं आणि पूजेला बसवलं. खरं सांगतो, फुलं वाहिल्यावर मलाही जरा बरं वाटलं. उगीच कशाला लपवू?

तिसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार नकाशा घेऊन ओढ्यावर आले. कसब्याचे पाटील आले, गुरुसिद्धप्पा आले, अर्धी पेठ गोळा झाली. आणि दगडच जागेवर नाही! शेत जवळच असल्यानं सगळं मला ऐकू येत होतं.

"दगड न्हाय, तर हद्द कशाची?" पाटील म्हणाले.

"साहेब, दगड व्हता. समद्यांनी बघितलाय," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"बारा वाजेपर्यंत शोधा," तहसीलदार म्हणाले. "मग मला कागद पुरा करावा लागेल."

माणसं काठ धुंडाळू लागली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण दगडाला तोंड कुठलं! ऊन चढत चाललं. तेवढ्यात मल्लम्मा शोधत शोधत शेतात आली. बसप्पा कोपीचा कडबा सोडत होते. तिची नजर माझ्यावर खिळली.

"मामा, ह्यो दगड कुठनं आणला?"

"वढ्याकाठी पडला व्हता. का गं?"

तिनं अंगठ्यानं चुना घासला. खालून बंडप्पानं कोरलेली खूण निघाली. बसप्पा हातातला कडबा टाकून पुढं आले.

"हात लावू नगं! पुजलेला देव हाय त्यो. देव धुतेत व्हय कुठं?" मग ते हळूच म्हणाले, "आन् हद्दीचा दगड हलवला म्हनून कैद करतेत, पोरी. र्‍हाऊ दे. कुनाला कळायचं न्हाय."

मल्लम्मानं हात मागं घेतला नाही.

"मामा, तुमच्या लेकाला मराया सोडून डॉक्टर ह्याच दगडापासनं माघारी गेला. तवा ह्यो देव नव्हता."

बसप्पांनी डोळे पुसले. डोक्याचा रुमाल सोडला, त्याची चुंबळ केली आणि स्वतःच्या हातांनी मला सुनेच्या डोक्यावर ठेवलं.

मला पाहताच लोक बाजूला झाले. "म्या उचलला," मल्लम्मा म्हणाली. "न्हाय साहेब, म्या," मागून धापा टाकत बसप्पा म्हणाले. पाटील हसले.

"असा कुठलाबी दगड डोक्यावर घिऊन येतील. त्याची जागा कुठली, ते सांगा म्हणावं."

प्रश्न खोटा नव्हता. पुरानं काठ पार बदलून टाकला होता. तहसीलदारांनी मल्लम्माकडे पाहिलं. ती सरळ चालत गेली आणि एका ठिकाणी टाच रोवून उभी राहिली.

"हितं."

"कशावरून?"

"हितंच हात जोडून उभी व्हते, साहेब. ही जागा इसरायची न्हाय मी."

"खणा," तहसीलदार म्हणाले.

कुदळ पडू लागली. हातभर गाळ निघाला, काही नाही. आणखी वीतभर, काही नाही. गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटून घेतले. मग कुदळीखालून काळे तुकडे वर आले. कोळसा! हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायची रीत होती, कारण कोळसा मातीत कुजत नाही. इतकी वर्षं माझ्या पायाखाली माझाच साक्षीदार झोपला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तहसीलदारांनी दोन तुकडे हातात घेऊन पाहिले. मग बसप्पांकडे एक नजर टाकून ते आपल्या कारकुनाला म्हणाले, "पुरानं दगड पडला होता, लोकांनी आणून दिला, असं लिहा."

मला तिथंच पुन्हा रोवलं. अंगावर चुना तसाच होता.

पुढं शिरगणतीचा कारकून आला. माझ्यापासून पहिलं घर म्हणून तो मल्लम्माच्या दारात बसला. "गाव?" त्यानं विचारलं. "रविवारपेठ," ती न अडखळता म्हणाली. सासू पार्वतम्मा आतून कौतुकानं बघत होती.

"घरात माणसं किती?"

"चार," मल्लम्मा म्हणाली. कारकुनानं लिहिलं. मग ती खाली बघून म्हणाली, "न्हाय. तीन लिवा." त्यानं काही न विचारता चार खोडून तीन केले.

पेठेला तिचं नाव मिळालं, दवाखाना मिळाला. मला फार आनंद झाला, पण तो खोडलेला आकडा काही माझ्या मनातून गेला नाही. मित्रांनो, माझ्यावरची खूण पुसू नका, मला जागचं हलवू नका. मी जागेवर नसलो की काय होतं ते मी भोगलं आहे. पण माझ्या पलीकडे कुणी आजारी असेल, तर माझ्यापाशी थांबून हद्द विचारत बसू नका. मला ओलांडून जा. घाईत पाय लागला तरी चालेल.