डावीकडे ओढणारा कंट्रोलर

दचकू नका. बोलणारा मी आहे, या टेबलावरचा काळा गेम कंट्रोलर. बहुतेक लोक मला रिमोट म्हणतात, चालतं मला. खरं तर दचकण्याचं काम माझं. माझ्या पोटात दोन चिमुकल्या मोटारी आहेत. पडद्यावरची गाडी कुठे आपटली की त्या फिरतात आणि मी नखशिखांत थरथरतो. गाडी दुसऱ्याची आपटते, काळजाचा ठोका माझा चुकतो. जन्मच असा मिळालाय, त्याला कोण काय करणार?

त्या जन्माच्या वेळी कारखान्यातल्या एका यंत्राने माझी सगळी बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. आपल्यावर एवढा अविश्वास का, हे तेव्हा कळलं नाही. माणसांच्या हातात आलो आणि कळलं.

माझ्या पहिल्या घरी ताई होती आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ हरला की मला सोफ्यावर फेकायचा, आणि नेम चुकला की मी फरशीवर. ताई कधी फेकायची नाही. ती हरली की ‘सॉरी’ म्हणायची, तेही पडद्याला. जिंकली तरी म्हणायची.

एक गोष्ट मी सगळ्याच माणसांत पाहिली. पडद्यावरची गाडी वळवायची असली की ती स्वतःसुद्धा वळतात. मान वळते, खांदे वळतात, काहींची तर जीभही बाहेर येऊन वळते. आणि हरली की सगळ्यांचं एकच म्हणणं, रिमोट खराब आहे. वर्षानुवर्षं मी हा आळ निमूट ऐकून घेतला. ऐकून ऐकून एक दिवस खरंच खराब झालो.

फरशीवरच्या एका पडण्यानंतर माझी डावी जॉयस्टिक, म्हणजे अंगठ्याने गाडी वळवायची दांडी, सरळ उभी राहीना. कोणी हात लावला नाही तरी ती आपली डावीकडे कलायची. मग पडद्यावरची गाडीही डावीकडे ओढत जायची, चारा दिसलेल्या बैलासारखी. पुढे भाऊ नोकरीसाठी परगावी गेला आणि मी खणात गेलो. शेजाराला मोजायची टेप, दोन मेलेले सेल आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली. गप्पा फारशा रंगल्या नाहीत.

ताई शिकली आणि एका वाचनालयात ग्रंथपालांच्या हाताखाली लागली. तिथे वरच्या मजल्यावर एक खोली कित्येक वर्षं रिकामी पडली होती. सरांना, म्हणजे ग्रंथपालांना, तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचायचे होते. ताईने कधी नव्हे ते धाडस केलं. म्हणाली, महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्या लोकांसाठी तिथे व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवू या, वाचायला न येणारी माणसं निदान खेळायला तरी येतील. हे एवढं बोलायला तिला तीन आठवडे लागले होते.

पहिल्या स्पर्धेला सोळा जण आले. गाड्यांची शर्यत होती, हरला तो बाद. अर्ध्या तासात तेरा जण बाद होऊन घरी गेले आणि उरलेले तिघं एकमेकांशी न बोलता खेळत बसले. पाच वाजता सर कुलूप लावायला आले. तिघांकडे बघून त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, की पुढच्या वेळी पाचला मी वर येईन आणि माणसं मोजीन. बाराच्या खाली निघाली तर सोमवारी गठ्ठे वर.

त्या महिन्यात ताईच्या नखांचं काही खरं राहिलं नाही. तिने एकतीस कामांची यादी केली. त्यातलं एकोणिसावं काम म्हणजे मी. चार चांगले कंट्रोलर तिने इकडून तिकडून जमवले होते, आणि वेळ पडलीच तर असावा म्हणून मला खणातून काढून, पुसून, नवे सेल घालून पिशवीत ठेवलं.

पण खरी मेहनत पहिल्या कामात होती. या खेपेला कोणी बाद व्हायचंच नाही. एक पक्का आणि एक कच्चा अशी जोडी लावायची, दोघांचे गुण एकत्र धरायचे, आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत खेळायचं. त्यासाठी तिने एक अर्ज छापला. त्यात तीन चौकोन होते, ‘नवशिके’, ‘बरे’ आणि ‘तरबेज’. ज्याने त्याने आपल्या चौकोनात खूण करायची.

कल्पना सोन्यासारखी. फक्त खूण करणारी माणसं होती.

मागच्या वेळी पहिल्या आलेल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी ‘नवशिके’वर खूण केली. स्वतःच्या तोंडाने मोठेपणा कशाला सांगायचा, हे त्यांचं म्हणणं. ड्रायव्हिंग शिकवून निवृत्त झालेल्या काकांनी ‘तरबेज’वर खूण केली आणि बाजूला अक्षर काढून लिहिलं, ‘अनुभव अडतीस वर्षे’. त्यांनी त्याआधी एकही गेम खेळला नव्हता. टायपिस्ट आजींनी मात्र खरं ते लिहिलं, नवशिके. त्या एकट्याच.

अर्जांवरून जोड्या लागल्या. काका तरबेज, आजी नवशिक्या, झाली जोडी. डॉक्टरबाई नवशिक्या, म्हणून त्यांना दिला ‘तुफान’. हा कॉलेजातला पोरगा. टोपणनावाच्या पुढे त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. म्हणजे वस्तीतले दोन पट्टीचे खेळाडू एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला वळणापाशी गाडी थांबवून मागे वळून पाहणारे काका.

पहिल्या तासात काय झालं ते सांगायला नकोच. प्रत्येक शर्यत डॉक्टरबाई आणि तुफान खिशात घालत होते. काका वेगाची मर्यादा पाळत होते. आजी दोनदा उलट्या दिशेने गेल्या आणि समोरून येणाऱ्यांना बाजूला व्हा म्हणाल्या. साडेतीनला एक जण घड्याळ बघून उठला. मग एका बाईंना कपडे वाळत घातलेले आठवले. ताई अर्जांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. खोटं कोणी लिहिलंय ते तिला दिसत होतं, पण तोंडावर म्हणणार कसं? काकांना कच्चे म्हणायचं, की डॉक्टरबाईंना लबाड?

तेवढ्यात डॉक्टरबाईंच्या कंट्रोलरचं एक बटण आत रुतलं ते वर येईना. ताईने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

शर्यत सुटली. डॉक्टरबाईंची गाडी निघाली ती थेट डावीकडच्या भिंतीत. मी थरथरलो. त्यांनी गाडी बाहेर काढली, पुन्हा भिंत, पुन्हा मी. तिसऱ्यांदा भिंत लागली तेव्हा निघालेले ते दोघंही दारातूनच परत फिरले. शर्यत संपली तेव्हा डॉक्टरबाई शेवटच्या होत्या आणि डोळे पुसेपर्यंत हसत होत्या.

“अगं, हा डावीकडे ओढतोय,” त्या म्हणाल्या.

ताईचा चेहरा पडला. चारदा माफी मागत तिने मला घेतलं आणि पिशवीत टाकायला वाकली. वाकलेलीच राहिली. मग उभी राहिली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येऊ नये इतका मोठा निघाला.

“आतापासून जो जिंकेल, त्याने पुढची शर्यत या रिमोटने खेळायची.”

झालं. कोण कच्चं, कोण पक्कं, हे विचारायची गरजच संपली. जिंकलात की मी गळ्यात. पुढची शर्यत तुफानने जिंकली आणि त्याच्या पुढच्या शर्यतीत तो माझ्यासकट भिंतीत गेला. रिमोट खराब आहे, असं तो ओरडला तेव्हा सगळी खोली म्हणाली, आहेच. इतक्या वर्षांत माझ्यावरचा आळ पहिल्यांदा असा एकमताने मान्य झाला. मला चक्क बरं वाटलं.

पाचला वीस मिनिटं असताना नवल घडलं. मी तुफानकडे होतो. माझ्यामुळे त्याची गाडी ओढत ओढत डॉक्टरबाईंच्या गाडीवर गेली, दोघं एकमेकांना ढकलत बसले, आजी उलट्या दिशेने गेल्या, आणि काका आपले चाळीसच्या वेगाने शांतपणे पुढे होऊन पहिले आले.

म्हणजे आता मी काकांकडे.

“तुमचं आता काही खरं नाही हो,” आजी म्हणाल्या.

काकांनी मला हातात घेतलं. गाडी डावीकडे जायला लागली. त्यांनी भुवई वर केली, अंगठा केसभर सरकवला, आणि गाडी सरळ.

“ओढतेय होय? मग जरा उजवीकडे धरायची. माझी शिकवायची गाडी बारा वर्षं अशीच होती.”

भिंत आली, गेली. वळण आलं, गेलं. त्या दिवसात पहिल्यांदाच मी थरथरलो नाही. काका जिंकले. नियमाप्रमाणे मी पुन्हा त्यांच्याकडे, आणि ते पुन्हा जिंकले. डॉक्टरबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. तुफान काकांना विचारायला लागला, की अंगठा नेमका कुठे ठेवता, आणि काका त्याला ‘आधी ताठ बस’ म्हणाले.

पाचला सर आले. दारात उभं राहून, पुस्तकं मोजतात तसं बोट नाचवत त्यांनी माणसं मोजली. नीट जमेना, कारण वळण आलं की सगळी खोली एकदम वळत होती. त्यांनी दुसऱ्यांदा मोजली. काकांच्या हातातून मला दिसत होतं, ताईही ओठ हलवत मोजत होती.

“एकोणीस,” सर म्हणाले. “यादीत सोळा आहेत. वरचे तीन कोण?”

ताईने अडखळत सांगितलं, की ते खालच्या दालनातले वाचक आहेत. चार वाजता आवाजाची तक्रार करायला वर आले होते.

सरांनी त्या तिघांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने तोंडावर बोट ठेवून त्यांनाच गप्प राहायची खूण केली, काकांचं शेवटचं वळण चाललं होतं.

गठ्ठे खालीच राहिले. खोली आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडते. सोमवारी सरांनी मला खाली बोलावलं, म्हणजे मागवलं. वाचनालयात जे राहतं त्याला दाखल क्रमांक लागतो, तसा माझ्या पाठीवर कागद चिकटवून लावला. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात आहे, ‘डावीकडे ओढतो. दुरुस्त करू नये.’

तेव्हा तुम्हीही या. कच्चे असा, पक्के असा, अर्ज भरायचा नाही. आणि जिंकून मी तुमच्या हाती आलोच, तर माझ्याकडून सरळ चालण्याची अपेक्षा ठेवू नका. जरा उजवीकडे धरा. पोचवतो मी.