यंदाचा पाट

यमुनाने फणसाचा पाट पुसून काखेत मारला, तरी तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, पेपरातून डोकं वर काढलं नाही. यंदा पाट द्यायचा नाही, हे तो आठवडाभर सांगत होता. महिन्याभरात इमारत पाडणार. मग गणपती बसवायचा कुठे, फुटपाथवर?

नालासोपाऱ्यात तुळिंजमधली त्यांची इमारतच बेकायदा निघाली होती. खोटे कागद करणारा बिल्डर गाडी उडवत फिरत होता आणि नोटीस चिकटली होती राहणाऱ्यांच्या दाराला. आपल्याकडचा न्याय हा असा, जो सापडेल त्याच्याच मानगुटीवर बसणारा. तेव्हापासून श्रीरंग खुर्चीला खिळला होता. भाड्याची खोली बघ म्हटलं, तर एका एजंटालाही त्याने फोन केला नव्हता.

पण सासऱ्यांनी गावाहून आणलेला हा पाट दर आषाढात मूर्तीच्या कारखान्यात जायचा आणि भाद्रपदात गणपती त्याच्यावरच बसून घरी यायचा. पाट न देणं म्हणजे देवाला येऊ नकोस म्हणणं. ते यमुनाला जमेना. ती देव्हाऱ्यासमोर रोज हात जोडायची, तेही भांडायलाच.

ती कारखान्यात पोचली, तेव्हा कारखानदार हरेशच्या कानावर नोटिशीचं आधीच आलं होतं. यंदा दिराकडे बसवा, नाहीतर दीड दिवसाचाच आणा, असं त्याने सुचवलं. यमुना नाही म्हणाली. त्याने पाट उलटा करून मागे मार्करने नाव लिहिलं आणि तो थांबला.

"ताई, पत्ता काय टाकू?"

यमुना म्हणाली, "कोरा ठेव. मी त्याला बोलावलंय. आता घर कुठलं ते त्याने बघावं."

"देवालाच कामाला लावलंत?"

"मग? नुसता मोदक खायला येतो की काय?"

हरेश हसला. पत्त्याच्या जागी त्याने तिचा मोबाईल नंबर लिहिला.

ती घरी आली, तेव्हा श्रीरंगने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं.

"किती दिवसांचा सांगितलास?"

"पाच. नेहमीसारखा."

श्रीरंगने पेपर बाजूला ठेवला. मग चष्मा लावून त्याने फोनमध्ये नंबर शोधला आणि एका एजंटाला सांगू लागला की दोन माणसं आहोत, एक खोली-किचन चालेल, नालासोपाऱ्यात कुठेही.

"आणि एक," तो म्हणाला, "मालकाला आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे पाच दिवस गणपती असतो."