ताईने चाखल्याशिवाय नाही

कॉफीच्या त्या दुकानात एक नियम होता. तो भिंतीवर कुठे लावलेला नव्हता, पण मोडलेला कोणी पाहिला नव्हता. मागच्या भटारखान्यातून आलेला कुठलाही नवा पदार्थ काचेच्या कपाटात जाण्याआधी ताईच्या तोंडात जायचा. ताई कॉफीच्या मशीनशेजारी उभ्यानेच एक घास घ्यायची, डोळे मिटून चावायची आणि एकच शब्द बोलायची, "लाव." कधीकधी तो शब्द यायचा नाही. तेव्हा काय काय चुकलं ते सगळं यायचं, आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे दुकानाचा बेकर, तोंड पाडून ट्रे परत आत न्यायचा.

तोंड पाडायचा, पण वाद घालायचा नाही. हात त्याचे आणि जीभ तिची, यावर दुकान चालतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी ताईचं वजन उतरायला लागलं. खाल्लेलं अंगी लागेना, पोट सतत बिघडलेलं. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, सीलिअॅक. गहू, बार्ली, राय या धान्यांत ग्लुटेन असतं, ज्याने पीठ चिवट होतं ते. ते पोटात गेलं की हिच्या आतड्यांना इजा होते. त्यावर औषध नाही. बंद म्हणजे बंद.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाखायला?"

"चाखायलाही नाही. कणभरसुद्धा नाही."

त्या दिवसापासून ती भटारखान्यात गेली नाही. आतली हवाच पिठाची. मधल्या भिंतीतल्या खिडकीतून ट्रे बाहेर यायचे, ती हातमोजे घालून ते कपाटात ठेवायची. न चाखता. धाकटा खिडकीत उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग खिडकी लावून घ्यायचा.

गिऱ्हाइकांना फरक कळायला वेळ लागला नाही. समोरच्या थांब्यावर बस उभी करून रोज कॉफीला येणारा ड्रायव्हर तोंडाचा फटकळ होता. ब्राउनीचा तुकडा मोडून तो म्हणाला, "ताई, तुमची जीभ रजेवर गेल्यापासून ही ब्राउनी ब्रेक घासायच्या कामाची झालीय."

"मग बसला लावा," ताई म्हणाली. पण हसली नाही.

तिने स्वतः खावं असं दुकानात एकच होतं. कारखान्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येणारं ग्लुटेन-फ्री बिस्किट. धाकट्याने एकदा त्याचा तुकडा तोंडात टाकला.

"ताई, हा पुठ्ठा आहे."

"पुठ्ठ्याला निदान वास तरी असतो."

दुसऱ्या दुकानांतही तिने जाऊन पाहिलं. एका ठिकाणी सुंदर बदामी केक होता, वर ग्लुटेन-फ्रीची हिरवी चिठ्ठी. ताईने एक घास घेतल्यावर तिला दिसलं, काउंटरवरची मुलगी ज्या चिमट्याने पाव उचलते त्याच चिमट्याने तो केकही उचलते. ताईने हटकलं तर मुलगी म्हणाली, "अहो, पुसते ना!" पण घास तर पोटात गेला होता. पुढचा आठवडा तिने अंथरुणात काढला. त्यानंतर ती बाहेर कुठे काही खाईना.

आणि मग एका सकाळी, मशीनची वाफेची नळी पुसता पुसता, तिने खिडकीतून आत सांगितलं, "चौकातल्या चष्मेवाल्यांकडे जागा आहे. पुढच्या महिन्यापासून मी तिकडे जाते."

धाकट्याच्या हातातलं लाटणं थांबलं. "चष्मे विकायला?"

"कॉफी काय, कोणीही करेल. मी इथे उभी राहून करते काय? जे चाखलं नाही ते विकते. मला नाही जमत रे."

तो पुन्हा लाटायला लागला. दुसऱ्या दिवसापासून मात्र दुपारी गर्दी ओसरली की त्याची दाढ दुखायला लागली.

दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून तो निघायचा आणि मागच्या गल्लीत आईच्या घरी पोचायचा. ताई आईजवळच राहायची, आणि निदान झालं त्याच संध्याकाळी आईने घरातला गव्हाचा डबा शेजारी देऊन टाकला होता. त्या स्वयंपाकघरात ग्लुटेनचा कण नव्हता, आणि तो येऊ नये म्हणून आई दारातच उभी असायची.

"थांब. आधी आंघोळ."

"आई, मी हात धुऊन आलोय."

"भुवया बघ आरशात. पांढऱ्या झाल्यात. चल, न्हाणीघरात. कपडे ठेवलेत काढून."

तो रोज न्हाऊन, आईने धुतलेला सदरा घालून ओट्याशी उभा राहायचा. लाटणं नवं, साचे नवे, पराती आईच्या. करायचा होता लिंबाचा टार्ट, तळहाताएवढा. खाली खुसखुशीत वाटी, आत लिंबाचं पिवळंधमक सारण. सारण सोपं होतं. वाटीने मात्र त्याचा जीव काढला. तांदळाचं पीठ, बदामाचं पीठ, लोणी, अंडं. पण गव्हात जे धरून ठेवतं तेच नसल्याने वाटी साच्यातून काढली की वाळूसारखी ढासळायची. वर्षानुवर्षं ज्या हातांना कणिक ओळखू यायची, ते हात नवशिक्यासारखे चाचपडायला लागले.

एक दिवस त्याने पुडीतून कसला तरी भुसा काढून पाण्यात भिजवला. आईने वास घेतला.

"हे काय?"

"इसबगोल."

"इसबगोल! अरे, लोक कॉफी प्यायला येतात की पोट साफ करायला?"

"आई, चिमूटभर घालायचंय. पाणी धरून ठेवतं, पीठ बांधलं जातं."

"बघ बाबा. दुकानाला संडास एकच आहे."

पण इसबगोलाने काम केलं. पीठ थंड जागी रात्रभर ठेवायचं, दोन कागदांच्या मध्ये लाटायचं, साच्यात घाईने दाबायचं नाही. ज्या दुपारी पहिली वाटी अखंड बाहेर आली, त्या दुपारी मायलेक ओट्यापाशी उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले. आईने नखाने टिचकी मारली. टक्क असा आवाज आला. धाकट्याने आईला उचललंच.

"सोड, सोड मेल्या, कंबर मोडशील!"

इकडे ताईला काहीच समजत नव्हतं असं नाही. "तुला दात आहेत तरी किती?" तिने विचारलं. "मगरीचंसुद्धा एवढ्यात आटोपलं असतं." आणि घरी आल्यावर आईला म्हणाली, "सगळीकडे लिंबाचा वास कसला गं?"

"फरशी पुसायचं नवं औषध," आई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ठरला शनिवार सकाळ. दुकान भरलेलं असतं, आणि जे व्हायचं ते सगळ्यांसमोर व्हावं असं धाकट्याला वाटत होतं. आई नवा डबा दोन्ही हातांत धरून, कोणाचा धक्का लागू न देता आत आली. धाकटा भटारखान्यातून बाहेर आला. कॉफीच्या गर्दीत तो बाहेर येत नसे, त्यामुळे दोन-चार माना वळल्या. आईने काउंटरवर घरून आणलेली पांढरी बशी ठेवली आणि डब्यातले टार्ट एकेक करून तिच्यात मांडले.

ताईने दुधाचं भांडं खाली ठेवलं. बशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शेवटी भावाकडे.

"दाढ?" तिने विचारलं.

"हीच."

"तांदूळ?"

"तांदूळ, बदाम. आईच्या ओट्यावर केलेत. लाटणं, साचे, सगळं नवं. रोज आंघोळ करून उभा राहायचो, विचार हिला."

"दोनदा," आई म्हणाली.

ताईचे कान लाल झाले. लहानपणापासून आनंद झाला की तिचे कान लाल व्हायचे, चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. ड्रायव्हर खुर्ची सरकवून उठला. "अहो, बघता काय? खा!" ताईने हात धुतले, पुसले, एक टार्ट उचलला.

"थांब, थांब!" धाकटा ओरडला. "अजून झालं नाही."

त्याने टार्ट तिच्या हातातून घेऊन परत बशीत ठेवला, खिडकीतून आत हात घातला, खिळ्याला टांगलेली छोटी चाळणी घेतली, तिच्यात पिठीसाखर ओतली आणि बशीवर धरून कडेला बोटाने टिचक्या मारल्या. टक, टक, टक. पिवळ्या सारणावर पांढरा भुरका बारीक पसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने ऐटीत चाळणी परत खिळ्याला लावली. भटारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक गोड वस्तू त्या चाळणीखालून जायची. त्यासाठी त्याला बघावंही लागत नसे.

ताईने टार्ट तोंडाजवळ नेला. आणि तिथेच थांबली. तिची नजर खिडकीकडे होती. चाळणी खिळ्यावर अजून हलत होती.

"ती चाळणी कुठली?"

धाकट्याने वळून पाहिलं. रोज पहाटे ट्रेवर गव्हाचं पीठ भुरभुरवायचं, तेही त्याच चाळणीने. जाळीच्या कडेला पिठाची रेघ बसली होती. ती त्याला आता, पहिल्यांदाच, दिसली.



ताईने टार्ट बशीत ठेवला. हात पुन्हा धुतले, साबणाने, मनगटापर्यंत. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त मशीनकडे वळली आणि म्हणाली, "कोणाची कॉफी राहिलीय?"

दुकानात कोणी हललं नाही. ड्रायव्हर हळूच खाली बसला. धाकटा काउंटरला टेकून उभा होता. गव्हाचं पीठ लागलेले आपलेच हात त्याने ॲप्रनमागे लपवले.

"चार घरी आहेत," आई म्हणाली.

"कसले चार?" ताईने विचारलं.

"टार्ट. वेडेवाकडे झाले म्हणून हा टाकून द्यायला सांगत होता. मी बरी टाकेन! फडक्याखाली झाकून ठेवलेत."

"आई, ते नाहीत द्यायचे तिला!" धाकटा कळवळून म्हणाला. "एकाची कड तुटलीय, एकाला भेग आहे. पहिला घास असला कसा—"

"साखर घातलीय त्यांच्यावर?" ताईने त्याला तोडलं.

"नाही."

ताईने मशीन बंद केलं. ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. कॉफी न मिळालेल्या लोकांकडे बघून म्हणाली, "आलेच," आणि ड्रायव्हरला म्हणाली, "तुम्ही इथे उभे राहा. मशीनला हात लावायचा नाही."

"आणि माझी बस?"

"तुमची बस कधी वेळेवर सुटलीय?"

ती निघाली ती जवळजवळ पळतच. मागून आई, चपला फटफटवत. त्यांच्या मागून धाकटा, डोक्यावर टोपी, अंगावर पीठ. मागच्या गल्लीत एक मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, ती हात तसाच ठेवून या तिघांकडे बघत राहिली. दाराशी पोचल्यावर आईने वळून धाकट्याच्या छातीवर हात ठेवला.

"तू नाही. बघ स्वतःकडे."

"आई, आत्ता आंघोळ?"

"मग बाहेरून बघ. खिडकी बंदच राहू दे."

तो अंगणात स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. वर्षभर दुकानातल्या खिडकीच्या बाहेर ती होती आणि आत तो. आज त्याला काचेतून तिची पाठ दिसत होती. आईने फडकं काढलं. ताईने चारांतला सगळ्यात वाईट निवडला, कड तुटलेला. नाकाजवळ धरला. घास घेतला. कर्रकन आवाज झाला असावा, कारण आईने लगेच त्याच्याकडे पाहून मान हलवली. ताईने डोळे मिटले.

ती चावत होती. फार वेळ चावत होती. तुटलेल्या कडेचा चुरा तिने ओट्यावरून बोटाने टिपून वेगळा खाल्ला, नुसता, सारणाशिवाय. धाकट्याने काचेवर कपाळ टेकवलं. ती वळली, आणि काचेतूनही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मीठ कमी आहे."

"काय?"

"मीठ! वाटीत. आणि लिंबाची साल किसताना पांढऱ्यापर्यंत गेलास. मागाहून कडू लागतं."

धाकट्याने टोपी काढून हवेत उडवली. पिठाचा एक ढग उठला. "कडू लागतं!" तो गच्चीवरच्या मुलीला ओरडून सांगू लागला. "मीठ कमी आहे!" मुलीने चिमटे खाली ठेवले आणि तिथूनच टाळी वाजवली.

"अगं, चांगलं झालंय असं म्हण की आधी," आई आत चिडली होती. "पोराने जिवाचं रान केलं."

 ताईने दुसरा टार्ट उचलला होता.

"तो कशाला?" धाकट्याने काचेवर ठोठावलं.

"खात्री करते." तिचं तोंड भरलेलं होतं. भेगेचा टार्टही गेला. तिसऱ्याकडे हात नेताना ती थांबली, खिडकीजवळ आली आणि बोटं मोजत बोलायला लागली, इतक्या भराभर की त्याला काचेला कान लावावा लागला. "चाळणी नवी. चिमटा नवा, लाल दांड्याचा, म्हणजे चुकून कोणी उचलणार नाही. डबा इथूनच भरून यायचा. कपाटात हा सगळ्यात वर, गव्हाचं सगळं खाली. चुरा वरून खाली पडतो, खालून वर जात नाही. आणि साखर नको त्याच्यावर. लिंबाला झाकून टाकते ती. नुसती ऐट आहे तुझी."

"आणि चष्मेवाले?"

"त्यांना दुसरं कोणी मिळेल. तू आधी ब्राउनीचं बघ."

"ब्राउनीचं काय?"

"ती इथे करून बघ, या ओट्यावर, बदामाच्या पिठात. वर्षभर तो ड्रायव्हर तिच्यावरून बोलतोय आणि मला उत्तर देता येत नाही." तिने तिसरा टार्ट उचलून निम्मा तोडला आणि उरलेला आईच्या तोंडात घातला. "यात मीठ वाढव आणि उद्या सकाळी आण."

"किती वाढवू?"

"ते तू बघ. मी आहेच चाखायला."