साहेबांच्या टेबलासमोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, बिनहाताची. मला घडवताना सुताराने माझी पाठ पुन्हा पुन्हा तासून पाहिली. "बसणारा अवघडायला नको," असे तो बायकोला म्हणाला होता. पण मित्रांनो, मी गेले ती अवघडलेल्या माणसांच्याच वाट्याला!

कपड्यांच्या एका कारखान्यात व्यवस्थापक साहेबांच्या टेबलासमोर मला ठेवले. नव्याने कामाला लागणारी मुले माझ्यावर बसून करारावर सही करत. बसत कसली, कडेला टेकत. साहेब कागदावर बोट ठेवत, "इथे सही. वाचायचं काय त्यात?" मुले सही करून मोकळी होत. सगळे मला नशिबाची खुर्ची म्हणत आणि मी मनातून फुशारत असे.

एकदा कापड बेतणारा एक तरुण आला. गावी, आजारी वडिलांजवळ त्याला काम मिळाले होते. त्याला त्याचे मूळ दाखले परत हवे होते. साहेबांनी त्याचीच सही दाखवली. "दोन वर्षं दाखले आमच्याकडे राहतील, लिहिलंय बघ."

"मी वाचलंच नव्हतं, साहेब."

तो रिकाम्या हातांनी उठून गेला. तेव्हापासून ते कौतुक मला बोचू लागले.

पुढच्या भरतीला एक मुलगी मामाबरोबर आली. मामा तिला ठमी म्हणत होता. ती कागद वाचत बसली.

"ठमे, कर की सही. साहेब खोळंबलेत."

"थांब मामा. साहेब, मूळ दाखले तुमच्याकडे कशाला? झेरॉक्स ठेवा. आणि कराराची एक प्रत मलाही द्या."

"सगळ्यांना हेच नियम आहेत. बाहेर रांग लागलीय, मुली!"

मामाने कपाळाला हात लावला. घरी तिच्या पगाराकडे डोळे लागले होते. तरी ती उठली आणि दाखले छातीशी धरून निघून गेली.

दार उघडेच होते. रांगेतल्यांनी सगळे ऐकले होते. पुढचा मुलगा बसला आणि म्हणाला, "ते दाखल्यांचं कुठे लिहिलंय?" त्याच्यानंतरच्या मुलीनेही तेच विचारले. आत यंत्रे रिकामी होती, साहेबांना माणसे हवीच होती. त्यांनी शिपायाला फाटकाकडे पिटाळले. ठमी आणि मामा परत आले. साहेबांनी ती अट खोडली, खोडलेल्या ओळीशेजारी त्यांनी आणि ठमीने सह्या केल्या आणि प्रत तिच्या हातात आली.

"अगदी आईवर गेलीस!" मामा म्हणाला. तो रागावला होता की खूश होता, ते कळले नाही.

मग जुन्या कामगारांनीही दाखले मागितले. त्या तरुणाला त्याचे मिळाले, पण गावचे काम तोवर दुसऱ्याला गेले होते.

आता माझा एक पाय निखळला आहे आणि मी जिन्याखाली पडून आहे. खिळा ठोकायला कुणाला सवड नाही. असो. मित्रांनो, उद्या तुम्हीही कामाला लागाल. समोरचा घाई करेल, करू द्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कळले नाही तर विचारा, प्रत मागून घ्या. विचारल्यामुळे कधी काम हातचे जाईलही. खोटे कशाला सांगू? पण सही करेपर्यंत उठून जायची मोकळीक तुमची असते. तेवढी जपा.