साखळीतला हात

"बोटं नगं, मनगट धर," अबरार म्हणाला.

निमगाव केतकीच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा कबड्डीचा सामना होता. बावीस वर्षांनी आम्ही दोघे पुन्हा एका साखळीत उभे होतो. माझी ढेरी सुटलेली, त्याचा डावा पाय काठीसारखा ताठ.

"का रं?"

"टायर काढून काढून बोटं बधिर झाल्यात, संघपाल. दाबल्यालं कळत न्हाय."

साखळीत बोलायची सोय नसते, चढाई करणारा ऐकतो. म्हणून आमचं सगळं बोलणं बोटांतून चालायचं. एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की धर.

बारामतीच्या निवड सामन्यात त्यानं एकदाच दाबलं होतं. पण निवड करणारे समोर बसलेले, मला कुठला धीर! मी एकट्यानंच झेप घेतली. हात सुटला नाही, अबरार माझ्यामागं फरफटला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला. संघाच्या सरांनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, "त्यानंच दोनदा दाबलं." मुठीतलं तिसऱ्याला कुठून दिसणार? पुढं खेळाडूंच्या कोट्यातून मी सरकारी नोकरीला लागलो, आणि तो शेळगाव फाट्यावर पंक्चर काढू लागला.

आज माफी मागायचीच, असं ठरवून आलो होतो. तोंडानं जमलं नसतं. बोटांनी जमेल, असं वाटलं होतं. त्यानं मनगट पुढं केलं. मी तेच धरून खेळलो. हरलो.

परत निघालो तर मोटारसायकल पंक्चर. ढकलत त्याच्याच दुकानात नेली. ट्यूबला ठिगळ लावून त्यानं टायरच्या आत हात घातला आणि रस्त्याकडं बघत बोटांची टोकं सावकाश फिरवू लागला. अर्ध्यातच हात थांबला. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. तिळाएवढंही नव्हतं.

मी काट्याकडं बघितलं, मग त्याच्या बोटांकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अबरार, त्या दिवशी तू एकदाच..."

"लाईट न्हाय," चाक बसवत तो म्हणाला. "पंप तूच मार."

मी पंप मारू लागलो. तो पाठ करून हत्यारं पुसत बसला. टायर केव्हाच टणक झाला होता. तरी मी मारतच राहिलो. त्यानं थांब म्हटलं नाही.