मी सरकी फोडणारा रेचा

मी एक रेचा. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. अमरावतीत, नियाज लोहाराच्या अंगणात गंजत पडलोय आणि तिथूनच बोलतोय. यंत्रानं बोलू नये म्हणतात, कबूल आहे. पण ज्यांनी बोलायला हवं होतं ती माणसं मूग गिळून बसली, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म अमेरिकेतला. उत्तरेकडच्या एका गावात लोखंड ओतायचा मोठा कारखाना होता. त्या प्रांतात गुलामगिरी नव्हती, आणि तिथले लोक ही गोष्ट येता-जाता ऐकवायचे. माझ्या पोटात करवतीच्या साठ चकत्या आहेत. त्यांच्या दातांना कानस मारली ती एझ्रा नावाच्या एका काळ्या माणसानं. त्याच्यासारखे दात अख्ख्या कारखान्यात कुणाला काढता येत नसत. नवे गोरे कामगार त्याच्याकडूनच काम शिकत आणि सहा महिन्यांत त्याचेच मुकादम होत. एझ्रा होता तिथंच. त्याची पाण्याची बादली वेगळी, जेवायला बसायची जागा दाराबाहेर. तो गुलाम नव्हता, एवढंच. मला वाटलं, हा त्या एका देशाचा विचित्रपणा असेल. किती भाबडा होतो मी!

खरं तर मला दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यावर धाडायचं ठरलं होतं. पण त्या देशात आपसातच युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं बंद पडली आणि कापसावाचून विलायतेतल्या गिरण्या थंडावल्या. मग सगळ्यांना एकदम वऱ्हाडची आठवण झाली. विलायतेच्या एका व्यापाऱ्यानं मला घेतलं, जहाजात घातलं, मुंबईला उतरवलं. आगगाडी होती तिथवर आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं, हाडं खिळखिळी करून घेत, मी अमरावतीला पोचलो.

काय दिवस होते ते! कापसाला असा भाव की काल पायी चालणारा माणूस आज दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, बसून बाजाराला येई. त्या व्यापाऱ्यानं, म्हणजे आमच्या साहेबानं, गावाबाहेर टिनाचं शेड उभारलं, आगीचं इंजिन बसवलं, त्याला मला पट्ट्यानं जोडलं. कापूस टाकायला पुढच्या बाजूला बाया होत्या. मागच्या बाजूला, जिथं इंजिन आणि माझं चाक होतं, तिथं साहेबानं चार खांब रोवून दोर बांधला. दोराच्या आत फक्त गोऱ्या मिस्त्रीनं यायचं, देशी माणसानं नाही. कारण विचारायची सोय नव्हती.

नियाज शेडातला लोहार. माझे दात बोथटले, पट्टी वाकली, की मिस्त्री तो तुकडा दोरापाशी आणून टाकी. नियाज बाहेर ऐरणीवर तो नीट करी आणि परत दोरापाशी ठेवी. म्हणजे माझं दुखणं त्यानं बरं करायचं, पण मला हात लावायचा नाही! तरी आवाजावरून त्यानं माझा रोग ओळखला. मी फार जोरात फिरत होतो. अमेरिकेतला कापूस लांब धाग्याचा. वऱ्हाडचा धागा आखूड, सरकीला घट्ट धरून बसणारा. माझे दात धागा ओढता ओढता सरकीच फोडत होते. नियाजनं मिस्त्रीला सांगून पाहिलं. मिस्त्री म्हणाला, जहाज थांबत नाही, सरकी फुटली तर फुटू दे.

त्या मिस्त्रीला सरकी म्हणजे कचरा. वऱ्हाडात सरकी म्हणजे पुढच्या सालाचं बी. पूर्वी प्रत्येक घर बियापुरता कापूस बाजूला ठेवी आणि घरची बाई लाकडी हातरेच्यावर तो सावकाश काढी. एकही सरकी दुखावत नसे.

नियाजनं मग मुकाट्यानं एक मोठं चाक बनवलं. माझ्या दांड्यावरचं चाक लहान होतं, म्हणून मी गरगर फिरे. मोठं चाक बसलं की वेग कमी होणार. पुंजाराम नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीचं खोड त्याला दिलं होतं. बुंध्यात मोठी गाठ असलेलं ते लाकूड नियाजनं तासलं आणि त्यावर लोखंडी कडं चढवलं.

एक दिवस मिस्त्रीला ताप आला. गाड्यांची रांग लागलेली, इंजिन धगधगतंय, आणि मला चालवायला कुणी नाही. नियाजनं इकडेतिकडे पाहिलं आणि दोर ओलांडला. माझं लहान चाक काढून बाभळीचं बसवलं, दातांची धार थोडी कमी केली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट चाललो. सरकी अख्खी, रुई मऊ, धागा न तुटलेला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! एझ्राचे दात आणि नियाजचं चाक, जगाच्या दोन टोकांच्या दोन माणसांनी मिळून मला शहाणं केलं होतं.

दुपारी साहेब आला. त्यानं रुई बोटांत धरून ताणली, खूश झाला. मग त्याचं लक्ष गेलं की नियाज दोराच्या आत उभा आहे. खुशी गेली कुठल्या कुठे. काम कसं झालं हे त्यानं विचारलंच नाही, तू आत कसा आलास एवढंच विचारलं. नियाजला तिथल्या तिथं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री उठला, त्यानं बाभळीचं चाक कोपऱ्यात फेकलं आणि पुन्हा लहान चाक बसवलं. मी करकरलो, अडलो, पट्टा दोनदा टाकला. यंत्राच्या रागाला कोण विचारतो? त्यांनी मला तेल पाजलं.

दोन दिवसांनी पुंजाराम साऱ्या घरचा कापूस गाडीत भरून आला. त्याची बायको माणिकबाई गाडीवरच होती.

"काहून सारा आणला?" ती म्हणाली. "बियाचा तं घरी ठेवाचा होता. मी काढला असता हातरेच्यावर."

"अव, तू महिनाभर बसशीन. हे यंत्र घटकेत काढते. सरकी तं वापसच भेटते ना आपल्याले."

सरकीची पोती घेऊन तो निघाला, तर फाटकापाशी नियाज उभा. काम गेल्यावरही तो रोज तिथं येई.

"पुंजारामभाऊ, हे सरकी पेरू नको. आतून फुटली हाय. ढोरायले चार, पण पेरू नको."

पुंजारामनं मूठभर सरकी हातात घेतली. वर बारीक पांढरी लव, त्यात तडा दिसतो कुठे? "चांगली तं हाय! तुले काढून टाकलं म्हणून जळून राहिला तू."

आणि त्यानं बैल हाकलले.

पेरणीच्या वेळी वऱ्हाडात सरकी शेणमातीत घोळवतात. लव चिकटून बसते आणि दाणा दाणा सुटा होतो. रीत चांगलीच आहे, पण त्या वर्षी तिनं घात केला. शेणाच्या लेपाखाली फुटकी सरकी अख्ख्यासारखी दिसली. सगळ्यांनी पेरली. आठ दिवस झाले, बारा झाले, काळ्या रानात हिरवा ठिपका नाही. पुन्हा पेरावं तर गावात अख्खं बी कुणाकडेच नव्हतं; त्या साली सगळ्यांनीच सारा कापूस माझ्याकडून काढून घेतला होता. कापसाला कधी नव्हता एवढा भाव, आणि पुंजारामनं त्या रानात ज्वारी टाकली.

लोक शेडावर आले. साहेबानं सांगितलं, तुमच्या त्या लोहारानं यंत्रात हात घातला, त्यानंच बिघडवलं. झालं! दहा माणसं नियाजच्या घरच्या दुकानावर गेली. पुंजाराम सगळ्यांच्या पुढे. त्यांनी त्याचा भाता फाडला. वर्षभर त्याच्याकडे कुणी साधा विळा धार लावायला आणला नाही.

पुढे त्या देशातलं युद्ध संपलं, भाव घसरला. कमी भावात जास्त माल काढायचा म्हणून साहेबानं नवा रेचा मागवला आणि मला भंगारात काढलं. दोन दिवस आम्ही दोघं शेडाबाहेर शेजारी शेजारी होतो. तो माझ्याच कारखान्यातला. मी घाईघाईनं एझ्राची चौकशी केली. नवा म्हणाला, "कारखाना तिप्पट वाढला. चार धुराडी झाली. काळे लोक आता साऱ्या देशात मोकळे झालेत. त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा पाडलाय, मधे भिंत घातलीय. एझ्रा? तो कानस मारतोय."

मला भंगाराच्या भावानं नियाजनंच नेलं. मोडायला म्हणून नेलं, पण अजून मोडलेलं नाही.

नवा रेचाही पहिल्या आठवड्यात सरकी फोडू लागला. फुटक्या सरकीला भिऊन शेतकरी कापूस आणीनात, तेव्हा मिस्त्रीनं कोपऱ्यातलं बाभळीचं चाक काढलं, झटकलं आणि त्याला बसवलं. सरकी अख्खी निघाली. गावभर झालं, काय डोकं आहे मिस्त्रीचं! पुंजाराम सरकी घ्यायला गेला तेव्हा त्याला फिरतं चाक थांबल्यावर ती गाठ दिसली. स्वतःच्या धुऱ्यावरचं झाड कुणी विसरतं का?

भर उन्हात तो इथं आला. नियाजच्या बायकोनं, आयशाबीनं, तांब्या पुढे केला. पुंजारामच्या ओठांना कोरड पडलेली, तरी म्हणाला, "नाई, तहान नाई मले." आयशाबीनं तांब्या खाली ठेवला. मी मनात म्हटलं, साहेबाला दोर तरी बांधावा लागतो, यांचा न बांधताच असतो.

"नियाजभाई, चुकलं माह्यं," पुंजाराम म्हणाला. "चाक तुह्यंच हाय. मी पायलं. मले माफ कर."

नियाजनं हातातला हातोडा खाली ठेवला. "माफी नको मले, भाऊ. एकच काम कर. शेडावर चार लोकायसमोर सांग का हे कोनं केलं. मी सांगतलं तं कोनी आयकत नाई. तू सांगशीन तं आयकतीन."

"साहेबानं माहा कापूस घेनं बंद केलं तं?" असं पुंजाराम पुटपुटला आणि निघाला. नियाजनं त्याला अडवलं नाही. हातोडा उचलून तो कामाला लागला.

त्याला आता बरेच दिवस झाले. पुंजाराम वाट बदलून जातो. माझं लोखंड गंजत चाललंय, आणि एक दिवस नियाजलाही मला मोडावंच लागेल, घर चालवायचं आहे त्याला. माझं मागणं तुमच्याकडे आहे. तुम्हाला कुठल्या साहेबाला कापूस विकायचा नाही, कुणाची भीती नाही. कुठे त्या दिवसांची गोष्ट निघालीच, तर चार लोकांसमोर एवढंच सांगा: सरकी फोडली ती मी. वाचवली ती नियाज लोहारानं.